फटका न जमणाऱ्यांचा संघ

मुसफ्फाच्या यार्डात मी अकरा वर्षं टाइमकीपर होतो, आणि त्यातली पाच वर्षं कंपनीच्या बेसबॉल संघाचा कॅप्टन. आता इथे कुणाला हे सांगितलं की समोरचा आधी हसतो. बेसबॉल? अबू धाबीत? आणि तुम्ही? मग मीही हसतो आणि विषय तिथेच सोडून देतो. हसून झालं की पुढचं कुणी विचारत नाही, हे माझ्या सोयीचं आहे.

पुढचं असं, की आमच्या संघात दर हंगामाला चार-पाच नवी माणसं यायची आणि त्यातल्या एकालाही धड फटका मारता यायचा नाही. एखाद्या वर्षी असं झालं तर नशीब म्हणता येईल. आमच्याकडे चार वर्षं तेच चाललं होतं. बाकीचे संघ हसायचे, आमचेच लोक हसायचे. माणसं मी निवडायचो, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की हा दयाळू माणूस आहे. तसं वाटण्यासारखं कारणही होतं.

आमच्या यार्डात तेल कंपन्यांसाठी टाक्या आणि मोठे पाइप बनायचे. वेल्डिंग झालेल्या टाकीवर रंग द्यायच्या आधी दाबाच्या हवेने वाळूचा मारा करून तिच्यावरचा गंज काढावा लागतो. त्याला ब्लास्टिंग म्हणायचे. यार्डाच्या मागच्या टोकाला पत्र्याच्या आडोशाला सात-आठ माणसं हे काम करायची. डोक्यावर कापडी टोप, तोंडावर फडकं, हातात आगीच्या बंबावरच्यासारखी जाड नळी. लांबून पाहिलं तर तिथे माणसं दिसायचीच नाहीत, नुसता पांढरा ढग दिसायचा. जेवायच्या सुट्टीत ते ढगातून बाहेर यायचे, तेव्हा त्यांच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या असायच्या. यार्डात सगळ्यांना ठाऊक होतं की ते काम वाईट. किती वाईट, हे नीट कुणी सांगत नव्हतं आणि आम्हीही विचारत नव्हतो.

आमचा मॅनेजर टेक्सासचा. साठीला आलेला, पोट सुटलेलं, आवाज फोरमनसारखा. त्याला दोन गोष्टी प्रिय होत्या, वेळेवर माल आणि बेसबॉल. हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी शहराबाहेरच्या एका वाळूच्या मैदानात सामने व्हायचे. अमेरिकन शाळेतल्या मास्तरांचा एक संघ, जपान्यांचा एक, फिलिपिनो लोकांचे दोन, आणि आमचा. म्हाताऱ्याने यार्डात एक नियम घालून दिला होता. जो माणूस संघात, त्याला ब्लास्टिंग नाही. त्याचं म्हणणं, खेळाडूचे डोळे आणि खांदे शाबूत राहिले पाहिजेत. त्याने तो नियम खेळासाठी केला होता, पण लेबर कॅम्पातल्या माणसांनी त्याचा खरा अर्थ लगेच ओळखला. ज्यांनी जन्मात बेसबॉल पाहिला नव्हता असे लोक टाइम ऑफिसच्या खिडकीशी येऊन मला म्हणू लागले, "साहेब, त्या बॅटबॉलमध्ये आपलंपण नाव टाका ना."

नावं टाकणारा मी कसा झालो, तेही सांगतो. मी जळगाव जिल्ह्यातला. आमच्याकडे शाळांमधून सॉफ्टबॉल खेळतात, तो बेसबॉलचाच भाऊ. आमच्या पीटीच्या सरांनी आम्हाला तीन वर्षं वेड्यासारखं पळवलं होतं, मी जिल्ह्याच्या संघातून खेळलो होतो. एका दुपारी म्हातारा कंटेनरच्या भिंतीवर एकटाच चेंडू मारत होता. चेंडू उडून माझ्याकडे आला. मी तो उचलला आणि सवयीने खांद्यावरून त्याच्याकडे फेकला. म्हाताऱ्याला जागचं हलावंही न लागता तो त्याच्या हातात बसला. म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. हजेरीची कार्डं सांभाळणाऱ्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा त्याने नावाने हाक मारली, आणि पुढच्या हिवाळ्यात संघ माझ्या हाती दिला.

टाइमकीपर म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. इंजिनिअर आपल्याला लेबरमध्ये धरतात आणि लेबर आपल्याला साहेब म्हणतात. दोन्हीकडचे आपल्यासमोर बोलायचं थांबतात. आठवडाभर मी कार्डं, ओव्हरटाइम आणि ड्यूटी लिस्ट यांत असायचो. शुक्रवारी मात्र मी चौथ्या नंबरचा बॅटर होतो. बेसबॉलमध्ये चौथा नंबर मानाचा. आधीचे तिघं बेसवर जाऊन उभे राहतात आणि चौथ्याने फटका मारून त्यांना घरी, म्हणजे निघाल्या जागी परत आणायचं, असा हिशेब. मी उभा राहिलो की फिलिपिनो पोरं एकमेकांना हात करून मागे सरकायची. ते मागे सरकणं बघायला मी आठवडाभर थांबायचो.

आणि ते बघायला माझी मुलगी असायची. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बायकोला शुक्रवारी सकाळी झोप प्रिय, त्यामुळे मी आणि मुलगी दोघंच गाडीने निघायचो. ती मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसून शाळेच्या चौकटीच्या वहीत स्कोअर लिहायची. कुणी शिकवलं नव्हतं, तिने स्वतःच खुणा ठरवल्या होत्या. फटका लागला की बरोबरची खूण, चुकला की फुली. मी मराठीत विचारायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची.

"किती झाले गं माझे?"

"फोर टिक्स, बाबा. एव्हरीवन एल्स हॅज क्रॉसेस."

आमच्या माणसांच्या फुल्याच फुल्या असायच्या. साताऱ्याकडचा एक पेंटर होता, तो चेंडू येताना डोळे मिटायचा. मी ओरडायचो, "अरे, डोळे उघड!" तो म्हणायचा, "उघडले तर दिसतो ना साहेब!" हैदराबादचा एक क्रेन ऑपरेटर होता. बॅट हुकली की तो समोर चेंडू टाकणाऱ्या पिचरलाच हात जोडून म्हणायचा, "माफ करना भाई, तुमने तो अच्छा फेका था." आमच्यातला कुणी बॅट घेऊन उभा राहिला की लांब उभे असलेले फिलिपिनो खेळाडू वाळूत चक्क मांडी घालून बसायचे. एकदा एकाने तिथूनच आरोळी दिली, "यल्ला, चाय लाओ!" आमची माणसंही हसली. त्यांना हरण्याचं काही नव्हतं. ती शनिवारी पुन्हा पेंट शॉपमध्ये, स्टोअरमध्ये, क्रेनवर असणार होती आणि मागच्या त्या ढगात नसणार होती, एवढं त्यांना पुरे होतं.

म्हातारा डोकं धरायचा. "हबीबी, तुला फटका मारणारा एकही माणूस सापडत नाही?"

"फील्डिंग चांगली आहे सर," मी म्हणायचो.

पहिल्या वर्षी ते खरंच दयेने होतं, हे मी शपथेवर सांगतो. ज्यांची तब्येत तोळामासा, त्यांची नावं मी दिली. मग हळूहळू माझ्या लक्षात आलं की या दयेत माझी सोय आहे. फुल्यांच्या ओळीत माझ्या चार बरोबरच्या खुणा उठून दिसत होत्या. मी चांगला होतो हे खरं, पण फार चांगला नव्हतो. नुसता आमच्यात चांगला होतो. तसंच राहायचं तर दर वर्षी कच्चीच माणसं घ्यायला हवी होती. आणि ती घेतली की लोक वर आशीर्वाद देत होते.

चौथ्या हंगामाच्या आधी तो खिडकीशी आला. दापोलीकडचा. तिशीतला असेल. अंगाने बारीक, हात मात्र लांब, आणि मनगटं अशी जाड की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात लागावा. ब्लास्टिंगमध्ये त्याची दोन वर्षं झाली होती. मी मराठी म्हणून तो माझ्याशी दोन शब्द जास्त बोलायचा.

"साहेब, माझं बघा की त्या बॅटबॉलचं."

"खेळलायस कधी?"

"हे नाय. गावाला टेनिस बॉलवर खेळायचो. टूर्नामेंटला मला लांबलांबनं न्यायचे." मग जरा थांबून, खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, "साहेब, खरं सांगू? छाती भरते माझी. रात्री पाठीवर झोपता नाय येत. फोरमनला बोललो, तो बोलतो सगळ्यांनाच होतं."

मी ड्यूटी लिस्ट बनवणारा माणूस होतो. फोरमनशी भांडलो असतो तर त्याला दुसरीकडे टाकता आलं असतं, संघाची गरज नव्हती. पण फोरमनशी कोण भांडणार. मी म्हणालो, "शुक्रवारी सकाळी लवकर ये मैदानावर. बघू."

तो साडेसहाच्या आधीच येऊन उभा होता. दोन वेळा शेअर टॅक्सी बदलून आला होता. मैदानावर आम्ही तिघंच, तो, मी आणि खुर्ची उघडून बसलेली माझी मुलगी. मी त्याला बॅट कशी धरायची ते दाखवलं आणि चेंडू टाकायला गेलो. पहिला मी हळू टाकला. त्याने तो माझ्या डोक्यावरून मागे मारला. मला वाटलं, लागला असेल एखादा. दुसरा जोरात टाकला. तो कुंपणाच्या तारेला जाऊन आदळला. तिसरा मी आतल्या बाजूला टाकला, जिथे मी स्वतः नेहमी चुकायचो. तो नुसता कमरेतून फिरला, शेवटच्या क्षणी मनगटं वळली, आणि चेंडू कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या पाण्याच्या टँकरवर जाऊन वाजला. रिकामा टँकर होता. तो घंटेसारखा आवाज मला आजही ऐकू येतो. चौथाही तसाच. पाचवाही.

बॅट खाली टेकून तो खोकत होता आणि खोकता खोकता हसत होता. "लय हलकी बॅट हाय साहेब ही."

मी मुलीकडे पाहिलं. ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती. माझ्या कुठल्याच फटक्याला ती उठली नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "दॅट अंकल इज बेटर दॅन यू!"

तिने ते इतक्या आनंदाने सांगितलं की त्यात मला दुखवायचं काही नव्हतं. मी तीस पावलं चालत त्याच्याकडे गेलो. त्या तीस पावलांत मी काय ठरवलं, हे मला अजून नीट मांडता येत नाही. ठरवलं असं काही वाटलंच नाही. तोंडातून आपोआप निघाल्यासारखं निघालं.

"ताकद आहे तुझ्यात," मी म्हणालो. "पण ही क्रिकेटची बॅटिंग झाली. तुझं मनगट वळतंय. इथे मनगट वळवलेलं चालत नाही."

"पण लागतोय तर चांगला."

"माझी पिचिंग सोपी आहे म्हणून. मॅचमध्ये वेगळं असतं. मनगट एकदम घट्ट ठेवायचं, पान्यात आवळल्यासारखं. हे सुधार. पुढच्या वर्षी बघू."

हे सगळं खोटं होतं. बेसबॉलचा सगळा जोर मनगटात असतो. आमच्या पीटीच्या सरांनी तीन वर्षं मनगटासाठीच आम्हाला बादल्या उचलायला लावल्या होत्या.

त्याने बॅट माझ्या हातात दिली. "बरोबर हाय," तो म्हणाला. "शिकल्याबिगर काय येनार." तेवढ्यात म्हाताऱ्याची गाडी आली. खाली उतरून त्याने विचारलं, हा कोण. मी म्हणालो, आपल्या यार्डातला आहे, मॅच बघायला आलाय. तो दिवसभर उन्हात उभा राहून मॅच बघत होता. मी चौथ्या नंबरला खेळलो. त्या दिवशी मला फक्त एक बरोबरची खूण मिळाली.

वर्ष गेलं. त्याचं नाव मी दर आठवड्याला ब्लास्टिंगच्या रकान्यात लिहीत होतो, माझ्याच अक्षरात. मधे एकदा कार्डं वाटायला संध्याकाळी कॅम्पात गेलो होतो. खोल्यांच्या मागे मोकळी जागा होती, तिथे तो हातात पाइपचा तुकडा घेऊन उभा होता. मनगटाला त्याने कापडाची पट्टी करकचून बांधली होती. समोर चेंडू नव्हता, नुसता हवेत पाइप फिरवत होता. सगळं अंग लाकडासारखं ताठ. खोलीतले लोक पायरीवर बसून त्याची टिंगल करत होते.

"आला बघा आमचा अमेरिकन!"

"अरे, तो डास मारतोय, बेसबॉल कसला!"

मला बघून तो धावत आला. "साहेब, बरोबर होतंय का बघा. मनगट हलतंय का?"

मी तेव्हा सांगू शकलो असतो. दोन शब्दांचं काम होतं, पट्टी सोड. पायरीवर आठ-दहा लोक बसले होते, त्यांच्यासमोर माझंच म्हणणं मी कसं फिरवणार, असं मी स्वतःला सांगितलं.

"नाही हलत," मी म्हणालो. "चालू ठेव."

पाचव्या हंगामाला म्हाताऱ्याने ठरवलं की माणसं तो स्वतः बघणार. मागच्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नव्हतो आणि जपान्यांच्या मॅनेजरने त्याला काहीतरी टोमणा मारला होता. म्हणाला, या वेळी मला फटका मारणारा माणूस पाहिजे, बाकी काही नको. दापोलीकर रांगेत तिसरा होता. नव्या धुतलेल्या शर्टात, पट्टी काढून आला होता. मला बघून त्याने मान हलवली, म्हणजे अभ्यास झालाय.

म्हाताऱ्याने स्वतः चेंडू टाकले. पहिल्याला बॅट उशिरा आली. दुसरा बॅटच्या कडेला लागून पायाशी पडला. तिसरा, चौथा, पाचवा. त्याचे दोन्ही हात कोपरापासून पुढे एका तुकड्याचे झाले होते. टँकर त्याच जागी उभा होता. एकही चेंडू त्याच्या निम्म्या वाटेपर्यंत गेला नाही.

म्हातारा हसायला लागला. माझ्याकडे वळून म्हणाला, "हा तर तुझ्याच पसंतीचा दिसतोय."

आता तो कच्चा झाला होता. मीच त्याला तसा केला होता. आमच्या संघात यायला जी लायकी लागायची, ती आता त्याच्यात पुरेपूर होती. गेल्या वर्षी तो असा असता तर मी डोळे मिटून त्याचं नाव लिहिलं असतं.

मी म्हणालो, "सर, याला घेऊ या. फील्डिंग चांगली आहे."

"हेच वाक्य तू मला चार वर्षं ऐकवतोयस," म्हातारा म्हणाला. "खलास. नेक्स्ट."

मी पुन्हा म्हणालो. मग बाजूला घेऊन सांगितलं की माणसाची छाती बरी नाही, निदान या कारणाने तरी घ्या. म्हातारा म्हणाला, "छाती बरी नसेल तर डॉक्टरकडे पाठव. मी इथे हॉस्पिटल चालवत नाही." मी एक गोष्ट सांगितली नाही. गेल्या वर्षी याने तीन चेंडू टँकरवर मारले होते आणि याचा हात मी बिघडवला, हे मी म्हटलं असतं तर तो नक्की थांबला असता. म्हातारा खेळाच्या बाबतीत खरा माणूस होता. त्याने दापोलीकराला परत बोलावून म्हटलं असतं, मनगट सोड आणि पुन्हा मार. ते वाक्य जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं.

त्या वर्षी एक फिलिपिनो वेल्डर संघात आला. पहिल्याच सामन्यात त्याने दोनदा चेंडू कुंपणाबाहेर टाकला. चौथा नंबर त्याचा झाला. मला सातवा मिळाला. ज्या जागेसाठी हे सगळं केलं, ती अशी अर्ध्या तासात गेली. मुलीने वहीत माझं नाव सातव्या ओळीवर लिहिलं. महिनाभराने तिने शुक्रवारी यायचं सोडलं. तिच्या डान्सचा क्लास सुरू झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात दापोलीकराचा व्हिसा संपत होता. रिन्यू करायचा तर मेडिकल करावं लागतं, त्यात छातीचा एक्स-रे असतो. त्याच्या एक्स-रेवर डाग आले. तिथे डाग म्हणजे डाग, कशाचे ते कुणी बघत बसत नाही. व्हिसा रद्द. आठ दिवसांत परत. त्याचं हजेरीचं कार्ड बंद करायचं काम माझ्याकडेच आलं. मी त्यावर आडवी रेघ मारली तेव्हा तो खिडकीशीच उभा होता.

"चाललो साहेब."

"तब्येतीला जप. गावी गेलास की हवा बदलेल, बरं वाटेल."

"इन्शाल्ला," तो तिथल्या सगळ्यांसारखंच म्हणाला, आणि हसला. "तुमी लय केलंत माझ्यासाठी. मलाच नाय जमलं."

तीन वर्षांनी मीही परत यायचं ठरवलं. कॅम्पातल्या लोकांनी मला निरोप दिला. हार घातला, जिलेबी आणली. साताऱ्याचा पेंटर उभा राहून बोलला की साहेबांनी किती जणांना ब्लास्टिंगमधून काढलं, खेळता येत नसताना काढलं, असा माणूस बघितला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो खोटं बोलत नव्हता. त्याच्यापुरतं ते खरंच होतं. हार गळ्यात असताना मला एवढंच वाटत होतं की हे लवकर संपावं.

घराची बांधाबांध करताना मुलीच्या कपाटात ती चौकटीची वही सापडली. मी ती चाळत बसलो. एका पानावर सामना नव्हता, संघाची नावंच नव्हती. एकच ओळ होती. तिला त्याचं नाव माहीत नव्हतं म्हणून तिने नुसतं "अंकल" लिहिलं होतं आणि पुढे पाच चौकटींत पाच बरोबरच्या खुणा. पाचव्या खुणेजवळ एक छोटासा टँकर काढला होता.

मुलगी तेव्हा चौदाची होती. मी तिला ते पान दाखवलं. तिने आठवून आठवून पाहिलं.

"ओह, दॅट अंकल! व्हॉट हॅपन्ड टू हिम, बाबा?"

मी म्हणालो, गावी गेला.

ती वही घेऊन मी पुढच्या हिवाळ्यात दापोलीला गेलो. पत्ता कंपनीच्या कागदावरून उतरून घेतला होता. काय बोलायचं ते एसटीत बसून पाठ केलं होतं. वही दाखवायची, पान उघडून द्यायचं आणि म्हणायचं, तुझं काही चुकत नव्हतं. मी खोटं बोललो. एवढंच.

दापोलीहून रिक्षा, मग थोडं चढण. घर साधं, सिमेंटचं, पुढे पडवी. गल्फच्या पहिल्या दोन वर्षांत बांधलेलं असावं, कारण वरचा मजला तसाच गज बाहेर काढून राहिला होता. तो पडवीत भिंतीला उशी लावून बसला होता. मी त्याला एकदम ओळखलं नाही. लांब हात तेवढे ओळखीचे होते. त्याने मात्र फाटकातूनच मला ओळखलं आणि उठायची धडपड केली.

"अगो, साहेब आले! मुसफ्फाचे साहेब!"

बायको बाहेर आली, पाणी दिलं, चहा ठेवायला आत गेली. तो एकेक वाक्य दोन दमांत बोलत होता. मुंबईला दाखवलं होतं, डॉक्टर म्हणाले छातीत वाळू बसलीय, ती निघत नाही. हे त्याने मला सांभाळून सांगितलं, जणू कळल्यावर मलाच वाईट वाटेल. मग त्याने क्रेनवाल्याची चौकशी केली, पेंटरची केली. म्हाताऱ्याची केली. बायको चहा घेऊन आली तेव्हा तिला म्हणाला, "हे साहेब गो, मला दोनदा चान्स दिला होता. साहेबांनी काय कमी नाय केलं."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगतात नेहमी. तुमचं नाव निघतंच."

माझा हात पिशवीत गेला. वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर बोटांना लागलं.

तेवढ्यात तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? लय दिवस मनात हाय. तेव्हा माझं नक्की काय चुकत होतं?"

मला यापेक्षा सोपी वाट कुणी करून दिली नसती. त्याने स्वतःच विचारलं होतं. आणि मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्याला उत्तर हवं होतं, पण त्याला शिकवणाऱ्याचं उत्तर हवं होतं. पाच वर्षं त्याने स्वतःला एक गोष्ट सांगितली होती, की संधी मिळाली होती आणि आपल्यालाच जमलं नाही. तिच्या आधाराने तो त्या उशीला टेकून बसला होता. ती काढून घेऊन मी त्याच्या हातात काय ठेवणार होतो? हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आज मला वाटतं, मी नुसता घाबरलो होतो. त्याची बायको तिथे उभी होती.

"मनगट," मी म्हणालो. "जरा जास्तच आवळत होतास. ते मोकळं सोडायला हवं होतं."

"मोकळं?"

"शेवटच्या क्षणी. चेंडू लागताना."

मग भिंतीला टेकवलेली काठी त्याने हातात घेतली. बायको म्हणाली, "अवो, नको," पण तो उठला. पडवीच्या खांबाला खांदा टेकून त्याने काठी दोन्ही हातांनी धरली. पाय लावले. आणि कमरेतून फिरला, मनगटं वळली. काठीचा हवेत सूंऽऽ असा आवाज झाला. अगदी तसाच, त्या सकाळसारखा. त्याचा चेहरा उजळला.

"असं होय!" तो म्हणाला. मग खोकल्याने वाकला, बायकोने त्याला धरून खाली बसवलं, पाणी दिलं. बराच वेळ त्याला बोलता येईना. दम परत आल्यावर तो मान हलवत म्हणाला, "तुमी तेव्हा असंच सांगितलं असनार. मीच उलटं ऐकलं."

मी चहा संपवला. तिने मला आमसुलं बांधून दिली. ती पिशवीत ठेवायला मी वही जरा बाजूला सरकवली. फाटकापर्यंत तो येऊ शकला नाही. पडवीतूनच त्याने काठी वर करून दाखवली.

पुढच्याच पावसाळ्यात तो गेला. त्याच्या बायकोचा फोन आला होता. ती म्हणाली, शेवटपर्यंत तुमची आठवण काढायचे, म्हणायचे मला कळलं होतं गो, पण उशिरा कळलं.